पिराजीची सातवी तार

आंबेखोरी नावाच्या गावात पिराजी नावाचा एक भोळा गडी राहत होता. भोळा म्हणजे किती? 'जरा बस, आलोच' म्हणून कुणी गेलं, तर हा तिथंच बसायचा. ते माणूस दुसऱ्या दिवशी आलं तरी हा बसलेलाच.

त्याच गावात आण्णाप्पा मास्तरांची वाद्यपार्टी होती. एक पेटी, एक ढोलकी आणि मास्तरांची हवाईयन गिटार. ही गिटार छातीशी धरत नाहीत. मांडीवर आडवी ठेवतात आणि पोलादाची कांडी तारांवरून घसरवतात. बाकीच्यांच्या असल्या गिटारीला सहा तारा, मास्तरांच्या गिटारीला सात. मास्तरांना तिचा फार तोरा. पण आता त्यांचे हात थरथरायला लागले होते, आणि गिटार शिकायला गावातला एकही शहाणा तयार नव्हता. म्हणून पिराजी.

पिराजी तयार झाला त्याचं कारण मालन. मास्तरांची एकुलती एक लेक. तिलाही हा पसंत होता. का, ते विचारू नका.

मास्तर म्हणाले, "एक कार्यक्रम नीट वाजवून दाखव. पोरगी तुझी."

मग त्यांनी शिकवलं. "हे बघ, कांडी सरळ असते. सगळ्या तारांवर एकदम फिरते. म्हणजे तारा जशा जुळवशील तसाच भाव निघणार. आत्ता आहे ही हसरी जुळवणी. तिसरी तार अर्धा सूर उतरवलीस की झाली रडकी. कळलं?"

"कळलं. आणि सातवी?"

"सातवी ज्याची त्यानं लावायची असते. तुझ्या मनाला येईल तशी लाव."

पिराजीनं बराच विचार केला. मनाला काही आलं नाही. त्यानं सातवी ढिली ठेवली.

पहिला कार्यक्रम लागला तो दूध संस्थेचे चेअरमन वारले त्यांच्या शोकसभेचा. मास्तर तापानं पडून होते. पिराजी मास्तरांशिवायच गेला, मांडी घातली आणि गिटार होती तशी वाजवली. हसरी. ढोलकीवाल्यानंही सवयीनं ठेका धरला. व्हाईस चेअरमन पुढंच बसले होते. बिचाऱ्यांनी तीन दिवस स्वतःला आवरून धरलं होतं, पण त्यांचा पाय हलायला लागला. मग मान. तिसऱ्या धुनेला तर त्यांनी शिट्टीच मारली. चेअरमनचा थोरला मुलगा चप्पल घेऊन धावला. व्हाईस चेअरमनच्या नव्हे, पिराजीच्या मागं.

मास्तर कपाळाला हात लावून म्हणाले, "अरे मर्दा, समोर बघून जुळवायचं! लोक पांढरे कपडे घालून बसलेत, हार घातलाय, बाईमाणूस डोळ्याला पदर लावतंय, तिथं रडकीच लावायची!"

"बरं. आणि सातवी?"

"लाव तुझ्या मनानं!"

पिराजीनं ढिलीच ठेवली.

दुसरा कार्यक्रम साहेबांच्या सत्काराचा. साहेब जिल्हा परिषदेला निवडून आले होते. पिराजीनं समोर बघितलं. सगळे कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यात. साहेबांच्या गळ्यात मांडीपर्यंत हार. वहिनीसाहेबांच्या डोळ्यात गुलाल गेलेला, त्या पदरानं डोळा पुसतायत. पिराजीनं तिसरी तार उतरवली आणि असा काही आळवला सूर की मंडपात चिटपाखरू हलेना. आधी पुढची रांग उठून उभी राहिली. मग मागची. माना खाली. निवेदकाच्या हातात माईक होता, तोंडाला सवय होती. तो म्हणाला, "साहेबांच्या जाण्यानं तालुक्यात कधीही भरून न निघणारी पोकळी निर्माण झाली आहे."

साहेबसुद्धा हात जोडून उभे होते. दोन मिनिटं झाली, लोक खाली बसले, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की आपण जिवंत आहोत.

साहेबांची माणसं पिराजीला वेशीपर्यंत सोडायला आली. पळत.

मास्तर म्हणाले, "कपडे काय बघतोस लेका? तोंड दिलंय ना देवानं? ज्याचं कार्य आहे त्याला विचारायचं, कसं वाजवू म्हणून!"

"बरं. आणि सातवी?"

मास्तर आत निघून गेले.

तिसरा कार्यक्रम कुंभारांच्या घरचं बारसं. पिराजीनं दारातच विचारलं, "कार्य कुणाचं?" बायका हसून म्हणाल्या, "अहो, ह्या बाळाचं!" झालं. पिराजी गिटार घेऊन पाळण्याजवळ बसला. बाळ झोपलेलं.

"हसरी लावू का रडकी?"

बाळ काही बोलेना. पिराजी थांबला. पाहुणे थांबले. घुगऱ्या निवल्या. शेवटी त्यानं बाळाचा अंगठा धरून हलवला आणि परत विचारलं. बाळानं भोकाड पसरलं.

"रडकी म्हणतंय," पिराजी म्हणाला आणि जुळवायला लागला. पण बाळाचा सूर काही एका जागी राहीना. ते चढलं की हा खुंटी पिळायचा. ते आणखी चढायचं, हा आणखी पिळायचा. आत्या नाव सांगायला बाळाच्या कानाशी वाकली आणि तेवढ्यात तार तुटली, ती सटकन आत्याच्या नाकावर.

आत्या ओरडली, "मेले गं बाई!"

बाळाच्या कानात पहिलं नाव गेलं ते हेच. कागदावर काय आहे कोण जाणे, गावात अजून त्याला मेल्याच म्हणतात.

आता मात्र मास्तर भडकले. "बास! पोरगी मिळायची नाही. गिटार ठेव आणि चालू लाग!"

पिराजीच्या डोळ्याला पाणी आलं. त्यानं गिटार ठेवली आणि चालू लागला. थांब म्हणून कुणी सांगितलं नव्हतं, तो तीन गावं चालला असता. पण मालन आडवी आली.

"अण्णा," ती बापाला म्हणाली, "सांगितलेलं ऐकणारा पुरुष ह्या पंचक्रोशीत दुसरा दाखवा. दाखवा, मी त्याच्याशी करते लग्न."

मास्तरांनी पुष्कळ आठवून बघितलं. एकही नाव सुचेना. स्वतःचंसुद्धा.

"बरं बाई," ते म्हणाले. "पण पिराजी, एक ध्यानात ठेव. ज्याला कळत नाही त्याला विचारत बसू नको. घरातलं मोठं माणूस सांगेल तसं करायचं. लगेच. उलट प्रश्न नाही."

"बरं. आणि सातवी?"

मालन हसली. "लग्न होऊन मी तुमच्या घरी आले की सातवी मी लावते."

पिराजीचा जीव भांड्यात पडला.

लग्न थाटात झालं. पिराजीनं प्रत्येक वेळी मास्तरांना विचारलं. हसरी म्हणाले, हसरी वाजवली. नवरदेव बाशिंग बांधून स्वतःच्याच वरातीत वाजवतोय हे लोकांनी पहिल्यांदा बघितलं, पण एक सूर चुकला नाही. मास्तरांनी लोकांदेखत पाठ थोपटली आणि गिटार त्यालाच देऊन टाकली.

मग पाठवणीची वेळ आली. सासर गावातच, दुसऱ्या टोकाला, तरी मालन रीतीप्रमाणे जीपमध्ये बसली. तिचा हात धरून मास्तर हमसून हमसून रडायला लागले. "माझं घर ओस पडलं रे! नको रे नेऊस माझ्या लेकीला! नको नेऊस!"

घरातलं मोठं माणूस. पिराजीनं उलट प्रश्न केला नाही.

"बरं," म्हणाला. मालनला हाताला धरून खाली उतरवलं, तिची कपड्यांची पेटी शेजारी ठेवली आणि गिटार घेऊन जीपमध्ये बसून निघून गेला.

दिवेलागणीला पिराजीच्या दारात त्याची आई आरतीचं ताट घेऊन उभी. उंबऱ्यावर तांदळाचं माप ठेवलेलं. जीपमधून पिराजी उतरला, काखेत गिटार.

"अरे, सून कुठाय?"

"मास्तर म्हणाले, नेऊ नको."

"आणि हे धूड?"

"हिच्याबद्दल काही बोलले नाहीत."

आईच्या हातातलं ताट कलंडलं. पिराजी मापाला धक्का न लावता उंबऱ्याशेजारी बसला, गिटार मांडीवर घेतली आणि रस्त्याकडं बघत राहिला.

"आता आणि कुणाची वाट बघतोस मेल्या?"

"मालनची. घरी आली की सातवी तार लावते म्हणालीय."