मधली तारका

एकदा एक मनुष्य आकाशाचे छायाचित्र काढता काढता आपले घर गमावण्याच्या बेतात आला होता.

त्याचे नाव अच्युत. घाटमाथ्यावरच्या एका लहान गावात तो राहत असे. त्याच्या वडिलांना, आप्पांना, आकाशाचे वेड होते आणि गावच्या शाळेत भौतिकशास्त्र शिकवणारे आठल्ये सर हे त्या वेडातले त्यांचे भागीदार. दोघांनी तरुणपणी मिळून एक दुर्बीण बनवली होती. माघ-फाल्गुनात दिवेलागण झाली की ती अच्युतच्या गच्चीवर मांडली जाई आणि कृत्तिकांचा पुंजका पाहायला सारी आळी जिना चढून येई. कोणी भाजक्या शेंगा आणी, कोणी नुसताच खोकला. ते दिवस आता राहिले नाहीत. गावात पांढरेशुभ्र दिवे आले आणि वर पाहायला मान मोकळी असलेली माणसे कमी झाली.

त्यात आप्पा गेले. अच्युतने त्यांची खोली होती तशीच ठेवली. चष्मा टेबलावर, मफलर खुंटीला, खुर्ची खिडकीशी. कोणी काडी इकडची तिकडे केली तरी त्याचे डोके फिरे. बहीण सुलभा माहेरी आली, तिने आठवण म्हणून मफलर मागितला, तर याने दिला नाही. ती न जेवता मिरजेला परत गेली. आईला सकाळच्या उन्हात त्या खुर्चीवर बसायचे होते. तिला याने बाजारातून दुसरी, गादीची खुर्ची आणून दिली. एके दिवशी आईने शांतपणे सांगितले की वर्षश्राद्ध झाले की ती सुलभाकडे राहायला जाणार, आणि ते चार दिवसांसाठी नव्हे. अच्युतला वाटले, उतारवयात माणसे हट्टी होतात. दुसऱ्याचा हट्ट आपल्याला फार लांबून दिसतो.

त्याच्या मनाने मात्र एक संकल्प धरला होता. वर्षश्राद्धाच्या दिवशी आप्पांच्या तसबिरीशेजारी कृत्तिकांचे छायाचित्र ठेवायचे, तेही त्यांच्याच दुर्बिणीतून काढलेले. दुर्बिणीला आता दोन लहान मोटरी जोडलेल्या होत्या आणि त्या तारकेचा माग बरोबर काढीत. सर्वांत ठळक तारका मधोमध धरायची आणि कॅमेरा पुष्कळ वेळ उघडा ठेवायचा, म्हणजे भोवतीचे अंधूक तेजही त्यात उतरेल, असा त्याचा हिशेब. परंतु प्रत्येक संध्याकाळी एकच घडे. मधली तारका मोहरीच्या दाण्यासारखी नेमकी टिपली जाई, आणि तिच्या भोवतीच्या साऱ्या फरफटलेल्या. कडेच्या तर पार कोयत्यासारख्या वाकलेल्या. शेवटी त्याने ठरवले की दुर्बिणीचा स्टँडच जुनाट झाला आहे, तो मोडीत काढून नवा आणावा. एवढे सांगण्यासाठी तो आठल्ये सरांकडे गेला.

सर त्या दिवशी सायंकाळी काठी टेकत जिना चढले. स्टँडकडे त्यांनी पाहिलेही नाही. त्यांनी कॅमेरा दहा सेकंद उघडला आणि मिटला. पुन्हा उघडला, पुन्हा मिटला. कृत्तिका पश्चिमेकडे कलेपर्यंत त्यांचे हेच चालले होते. एकेक चित्र असे काळेकुट्ट, की त्यात चार ठिपके दिसले तर नशीब. सरांचे वय झाले, असे अच्युतच्या मनात आले, आणि त्याचे त्यालाच वाईट वाटले. सर कॅमेरा बरोबर घेऊन घरी गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी अच्युतला बोलावले. संगणकाच्या पडद्यावर एकेक चित्र मोठे करून त्यातल्या तारका त्यांनी पेन्सिलीने ट्रेसिंग पेपरवर उतरवल्या होत्या. सगळे कागद खिडकीच्या काचेवर एकावर एक ठेवून मधल्या तारकेतून एक टाचणी आरपार टोचलेली होती. ठिपके नुसते विखुरलेले दिसत होते. मग सर एकेक कागद टाचणीभोवती जरा जरा वळवू लागले. पहिला थोडा, पुढचा त्याहून थोडा जास्त. ठिपक्यावर ठिपका बसू लागला आणि दुपारच्या उजेडात कृत्तिकांचा पुंजका, कडेच्या लहानग्या तारकांसकट, काचेवर उभा राहिला.

"अच्युता, स्टँडचा दोष नाही," सर म्हणाले. "आपली दुर्बीण मान वरखाली करते, कंबरेत डावीउजवीकडे वळते. तिला फक्त डोके खांद्यावर कलवता येत नाही. आणि आकाश तर सारखे कलत असते. कृत्तिका उगवताना एका अंगावर असतात, मावळताना दुसऱ्या. तू एकीवरच नजर रोखून बसलास. ती स्वच्छ आली, भोवतीचे गोत फरफटले. आप्पांचा गच्चीवरचा नियम आठवतो?"

अच्युतला आठवला. 'बघ आणि सरक.' लहानपणी त्याला त्या नियमाचा भारी राग येई. दुर्बिणीला डोळा लावून जरा कुठे रमावे, तोच आप्पांचा हात खांद्यावर पडे.

"तुला वाटायचे, तोंडचा घास काढून घेतात," सर म्हणाले. "अरे, प्रत्येकाने थोडे थोडे पाहावे. मग काळ जेवढा कलला असेल तेवढे ते वळवून घ्यावे आणि एकावर एक ठेवावे. तेव्हा कुठे गेलेले माणूस पुरते दिसते. तुझ्यापाशी आप्पांचे एकच चित्र आहे, तुझे. बाकीच्यांजवळची मागितलीस कधी?"

अच्युत घरी आला तेव्हा आई ट्रंकेत लुगडी रचत होती. तिच्याजवळ जमिनीवर बसून त्याने विचारले, गच्चीवर तुझी पाळी यायची तेव्हा तुला काय दिसायचे?

आईला हसू आले. "मला कुठली रे पाळी? सगळ्यांचा चहा होईतो तुमच्या कृत्तिका चिंचेआड गेलेल्या असायच्या. तुम्ही झोपलात की हे मला वर बोलवायचे. म्हणायचे, तुझी हुकली, माझीही हुकली, आता नुसते बसू. मला खाली बसायला त्रास व्हायचा ना, म्हणून माझ्यासाठी खोलीतली ती खुर्ची स्वतः उचलून वर नेलेली असायची. हे आपले कठड्याला टेकून उभे."

अच्युतने उठून खिडकीजवळची खुर्ची उचलली, गच्चीवर नेऊन पुसली आणि आईला हाक मारली. त्याच दिवशी त्याने सुलभाला फोन करून माफी मागितली आणि मफलर तुझाच आहे, घ्यायला ये, असे सांगितले.

वर्षश्राद्धाला ती आली. आईची ट्रंक तोवर रिकामी होऊन पुन्हा पलंगाखाली गेली होती. तसबिरीशेजारी कृत्तिकांचे छायाचित्र होते. सरांची ती काळीकुट्ट चित्रे संगणकावर एकावर एक बसवून केलेले, कडेची तारकाही जागच्या जागी असलेले. पाहुणे पांगल्यावर आई खुर्चीवर बसली आणि ते छायाचित्र तिने मांडीवर घेतले. अच्युत वाकून पाहू लागला तो पाहतच राहिला. मागे गळ्यात मफलर गुंडाळलेली सुलभा ताटकळत उभी होती.

आईने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "बघ आणि सरक," ती म्हणाली.

अच्युत सरकला.