निंबाळे साहेबांचा चार्ज

“मी गेलो तर गावाचं पाणी थांबेल, बाबा. मग जाऊ कसा?”

फकीर मदारबाबांनी मान वर केली नाही. गावाबाहेरच्या तकियात, चिंचेखाली बसून ते अंबाडीच्या वाखाचा दोर वळत होते.

विचारणारे निंबाळे नगरपरिषदेच्या पाणीयोजनेचे अभियंते. बदलीचा हुकूम खिशात होता. नळाला पाणी यायला थोडंच काम उरलं होतं, आणि याआधीही ही योजना अशीच साहेब बदलला की अर्ध्यावर मेली होती.

“थांबेलच कशावरून?”

“कुठं खडक लागला, पाइप कुठून वळवला, कुठला व्हॉल्व्ह आधी उघडायचा… सगळं इथं आहे.” निंबाळ्यांनी कपाळाला बोट लावलं. सांगताना छाती जराशी पुढं आलीच.

“अरे वा. म्हणजे गावाची टाकी तुझ्या टाळक्यातच बांधलीय.”

“चेष्टा नको, बाबा. आमदार तुमचा शब्द मोडत नाहीत. एवढी बदली रद्द करायला सांगा.”

“तुझ्या आधीच्या साहेबानं तुला काय सांगितलं होतं?”

“भेटलेच कुठं? ते सकाळी गेले, मी दुपारी आलो. चार्जच्या कागदावर त्यांची सही होती, खाली मी केली. आमच्यात असंच असतं.”

“मग?”

“मग काय… त्यांनी जिथं खणून सोडून दिलं होतं, तिथंच मीही खणलं. खाली काळा पाषाण. सगळा उन्हाळा वाया गेला. बाया रिकामे हंडे घेऊन कचेरीत येऊन बसल्या.”

“त्याला ठाऊक होता पाषाण?”

“होता ना! त्यांच्या डोक्यात…”

कपाळाकडं निघालेलं निंबाळ्यांचं बोट अर्ध्यावरून खाली आलं.

बाबांनी दोर पुढं केला. “धर. वळ जरा. बोटं दुखतात माझी.”

निंबाळे वळू लागले. हातातला वाख संपला, तेव्हा त्यांनी टोकाला नवा लावला आणि पीळ दिला. बाबांनी ओढून पाहिलं. दोर तिथंच सुटला.

“पुन्हा.”

पुन्हा सुटला.

“इंजिनेर ना रे तू?”

निंबाळ्यांचे कान तापले. त्यांनी बाह्या सारल्या, मांडी घट्ट घातली. आता जमल्याशिवाय उठायचं नाही.

या वेळी वाख वीतभर उरला असतानाच बाबांनी त्यांचं मनगट धरलं. नवी बट जुनीच्या अंगावर ठेवली.

“आता वळ. दोघींना मिळून.”

निंबाळ्यांनी वळलं. ओढलं. मग पाय रोवून, सगळा जोर लावून ओढलं.

दोर सुटला नाही.

त्यांनी त्या जोडावरून अंगठा फिरवला.

“नवे साहेब सोमवारी येतायत,” ते म्हणाले. “मी रविवारीच निघणार होतो. नाही निघत. रजा टाकतो. टाकीपासून शेवटच्या नळापर्यंत त्यांना पायी फिरवतो. एकेक व्हॉल्व्ह त्यांच्याच हातानं उघडायला लावतो. नको म्हणाले तरी सोडत नाही.”

“आणि आमदाराचं?”

“राहू द्या.”

ते उठले. चपला घातल्या. पण पाऊल निघेना.

“बाबा… पाणी त्यांच्या हातनं सुटेल. हार त्यांच्या गळ्यात पडेल. गाव त्यांचंच नाव घेईल. माझं कोण…”

बाबा गुडघ्यावर हात टेकत उठले. तकियातल्या विहिरीवर गेले, बादली ओढली. निंबाळ्यांनी ओंजळ धरली. उन्हातून आलेला माणूस; पोटभर प्याले, तोंडावर पाणी मारलं, मानेवरून ओला हात फिरवला.

“गार आहे,” ते म्हणाले. “गोड आहे.”

बाबांनी बादली पालथी घातली.

“विहीर कुणी खणली, ते नाही विचारलंस.”