चंद्राक्काचं जन्मभराचं पुस्तक

संस्थानं होती तेव्हाची गोष्ट. आमच्या वाचनालयात रोज संध्याकाळी बाबूमास्तर मोठ्यानं पुस्तक वाचायचे आणि सारी आळी हुंकार देत ऐकायची. चंद्राक्का नवी नवरी होऊन आली, तेव्हापासून खांबाआड बसून ऐकत होती. आता तिचे केस पिकले होते.

एक दिवस दिवाणसाहेबांना ती जागा पत्ते खेळायला हवीशी वाटली. ते स्वतः आले आणि म्हणाले, "वाचनालय बंद. पण प्रत्येकानं एक पुस्तक निवडा. ते तुम्हांला जन्मभर वाचता येईल, हा सरकारचा शब्द."

लोकांनी मान खाली घालून पुस्तकं उचलली. चंद्राक्कानं खलाशाची गोष्ट घेतली. नवी नवरी असताना पहिल्यांदा ऐकलेली ती हीच. पुस्तक घेऊन ती परत खांबाआड जाऊन बसली.

"आक्का, घरी जा की आता."

"घरी कशी वाचू, साहेब? मला अक्षर येत न्हाई. मास्तर वाचनार, ही मानसं हुंकार देनार, तवा माझं वाचन हुतं. जन्मभराचा शब्द दिलाय न्हवं?"

दिवाणसाहेब हसले. "अगं, दुसऱ्यानं वाचलेलं ऐकणं म्हणजे काय वाचन झालं?"

"मग आमच्या इहिरीचा अर्ज तुमी कसा वाचला वो? कारकून वाचत हुता, तुमी डोळं मिटून पान चघळत हुतासा. आन खाली लिवलंसा, 'वाचला. नामंजूर.'"

सारी आळी हसली. दिवाणसाहेबांना चंद्राक्का जिवंत असेतोवर खोली उघडी ठेवणं भाग पडलं.

तेव्हापासून चंद्राक्का नुसती शिंकली, तरी घराघरांतून काढा यायचा.