उंडीबंदरच्या काशीरामाची साद

उंडीबंदरात अजून इंजिनाच्या होड्या आल्या नव्हत्या, शिडावर आणि वल्ह्यावर सगळा कारभार चालायचा, त्या काळी तिथे काशीराम जाक्कर नावाचा माणूस होऊन गेला. मिसरूड फुटता फुटता तो आरमारात गेला. जहाजावर बिनतारी संदेश ऐकायचं काम त्याला मिळालं. वादळाच्या गडगडाटातही त्याला बुडत्या जहाजाची हाक वेगळी ऐकू यायची, असं म्हणतात. पाण्याखाली माशाने शेपटी हलवली तरी कळायची, असंही म्हणतात; पण ते सांगणारे त्याचे भाचे होते.

आरमारातली मुदत संपली आणि काशीराम जिल्ह्याच्या गावी रेडिओ केंद्रावर निवेदक झाला. रोज संध्याकाळी मच्छीमारांना हवामान सांगायचं काम त्याच्याकडे आलं. गाव हरखलं. होडीहोडीवर ट्रान्झिस्टर आले. पण पेटीतून येणारा आवाज गावच्या काशाचा वाटेना. "नैऋत्येकडून जोरदार वारे वाहण्याची शक्यता असून मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये," असं तो घोटून घोटून वाचायचा.

सुट्टीत घरी आला की थोरली बहीण द्वारका त्याच्या ताटात भाकरी टाकता टाकता म्हणायची, "काय रे काशा, पेटीत शिरलास की कुठल्या मामलेदाराचा घसा उसना आणतोस?"

"लिहून देतात तसं वाचावं लागतं गो आक्का."

"वाच बापडा. आमचे पुरुष तेवढा वेळ पेटी बंद ठेवतात. गाणी लागली की परत उघडतात."

सगळे हसायचे, काशीरामही हसायचा. पण ताटावरून अर्धपोटी उठायचा. समुद्रभर लोकांच्या हाका ऐकत जन्म घालवलेल्या माणसाची हाक त्याच्याच गावात कुणी ऐकत नव्हतं.

आता उंडीबंदरची एक रीत सांगायला हवी. होडी खाडीबाहेर पडली की ती परत येईपर्यंत तिच्यावरच्या माणसाचं नाव काठावर कुणी घ्यायचं नाही. होडीचंही घ्यायचं नाही. समुद्र नाव ऐकतो आणि माणूस ठेवून घेतो, अशी तिथली समजूत. म्हणून द्वारकेच्या नवऱ्याचं नाव मीही इथे सांगत नाही. तो आजही समुद्रावर असेल-नसेल, कोण जाणे.

एका वर्षी दिवाळी तोंडावर आली होती. मासळी भरभरून लागत होती आणि गावातल्या सगळ्या होड्या बाहेर होत्या. दुपार कलली आणि केंद्रावर निरोप आला, की लांबून जाणारं वादळ वळलंय आणि दिवस मावळायच्या आत किनाऱ्यावर येतंय.

काशीरामाच्या डोळ्यांपुढे सगळं उभं राहिलं. वारा फिरला की होड्या घराकडे धावणार. खाडीच्या मुखाशी वाळूचा दांडा आहे. नैऋत्येचा वारा सुटला की त्या दांड्यावर लाटा फुटतात आणि आत शिरणारी होडी उलटी होते. जीव वाचवायचा तर घराकडे पाठ करून घोडेटोकाच्या डोंगराआड जायचं आणि नांगर टाकायचा. पण हे सांगायचं कसं? नेहमीचा इशारा वाचला तर पेट्या बंद. नावानिशी हाका माराव्यात, तर स्वतःचं नाव काठावरून आलेलं ऐकून वल्ह्यावरचे हात जागीच गळणार.

त्याने गावच्या पोस्टात फोन लावला. आभाळ बघून सगळ्या बायका तिथेच, गावातल्या एकुलत्या फोनपाशी, जमल्या होत्या. द्वारकेने फोन घेतला.

"आक्का, वादळ येतंय. मला पेटीतून पुरुषांची नावं घेऊ दे."

"घेशील तर माझं तोंड बघणार नाहीस."

"मग ती माणसं तरी बघशील का परत?"

द्वारकेने मागे जमलेल्या बायकांकडे पाहिलं. वारा पोस्टाची कौलं खडखडवत होता. मग ती म्हणाली, "आमची घे. आम्ही तर जमिनीवर आहोत. आमची नावं घ्यायला कुणी मना केलंय?"

आणि तेव्हा काशीरामाच्या ध्यानात आलं, की गावातल्या बायकांची नावं त्याला ठाऊकच नाहीत. ही वरच्या आळीतली, ती बंड्याची आई, एवढीच ओळख. मग एकेक बाई पुढे आली आणि फोनमध्ये आपलं नाव सांगून गेली. गोदा. येसू. अनसूया. कित्येक वर्षांत स्वतःचं नाव स्वतःच्या तोंडून निघालं नव्हतं, ते सांगताना म्हाताऱ्यासुद्धा लाजल्या. शेवटी एक नवी नवरी राहिली.

"माहेरचं सांगू की इथलं?" तिने विचारलं.

"तो घरात हाक मारतो ते सांग, बाय," काशीराम म्हणाला.

"ते... नुसतं 'ए' म्हणतात."

तशाही वेळी बायकांना हसू फुटलं आणि हसता हसता रडूही फुटलं.

केंद्राच्या प्रमुख मोहिनीबाई होत्या. लिहून दिलेल्यापलीकडे एक शब्दही वाचायचा नाही, हा नियम त्यांचाच. काशीराम त्यांच्यापुढे जाऊन उभा राहिला. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, चालू असलेलं गाणं मध्येच थांबवलं आणि म्हणाल्या, "बोला तुम्ही. वरच्यांना मी बघते."

काशीराम बोलला, आणि आपल्या गावच्या आवाजात बोलला.

"उंडीबंदरवाल्यांनो, मी काशा. गोदा सांगते, घराकडे येऊ नको. येसू सांगते, घोडेटोकाआड जा. द्वारका सांगते, नांगर टाक आणि थांब. आणि जिला तू नुसतं 'ए' म्हणतोस ना, तीसुद्धा सांगते, आज घरी येऊ नको रे बाबा."

वादळ अंगावर येईपर्यंत तो हेच बोलत राहिला. त्याच्या आवाजाने वारा घटकाभर थबकला, असं म्हणतात. लाटांनी माना खाली घातल्या, असं म्हणतात. खरं-खोटं समुद्राला ठाऊक. पण घोडेटोकाआड उंडीबंदरच्या होड्या पोचल्या, तर तिथे आधीच गर्दी! किनाऱ्यावर कुठला नवरा बायकोला 'ए' म्हणत नाही? दूरदूरच्या गावांतले कोळी आपल्यालाच सांगितलं असं समजून वळले होते. एकमेकांना बघून ते ओशाळले, मग हसले, आणि होडीला होडी बांधून त्यांनी वादळ काढलं.

वारा पडल्यावर होड्या घरी आल्या. द्वारकेने पुळणीवरच नवऱ्याला नावाने हाक मारली. तोवर गावात कुठल्याच बाईने तसं केलं नव्हतं.

काशीराम खूप जगला. केंद्रावरून निवृत्त होऊन तो गावी आला, धक्क्यावर त्याने एक कर्णा बसवला आणि पिकलं पान होऊन गळेपर्यंत रोज हवामान सांगत राहिला. आता होड्यांना इंजिनं आहेत, खिशाखिशात फोन आहेत. तरी आकाश भरून आलं की उंडीबंदरच्या बायका धक्क्यावर जमतात. या रिवाजाला काशीरामाची साद म्हणतात. एकेक जण पुढे होते आणि कर्ण्यातून आपलं स्वतःचं नाव सांगते. गेल्या साली एक नवी सून अशीच पुढे झाली. तिचा नवरा पहिल्यांदाच खोल समुद्रात गेला होता. तिने नाव सांगितलं, पण पुटपुटल्यासारखं. मागून एक म्हातारी म्हणाली, "सांग गो. मोठ्याने सांग." तिने डोळे मिटले आणि सांगितलं.