माडीवरची रिकामी खोली

फार जुन्या काळी, नदीकाठच्या एका गावात एक सुतार राहत होता. त्याच्या हाताला अशी गोडी होती की साधा पाट घडवला तरी लोक तो दिवाणखान्यात मांडून ठेवत. देवाने त्याला गळाही तसाच दिला होता. दर रविवारी चर्चमध्ये तो गीत सुरू करी, "हे जग दोन दिवसांचा मुक्काम, आपलं खरं घर प्रभूजवळ," अशा अर्थाचं, आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांचे डोळे भरून येत.

उपासना सुटली की मात्र सुतार तडक आपल्या बांधकामावर जाई. तो स्वतःसाठी माडीचं घर बांधत होता. गावात तसं घर कुणाचं नव्हतं. फणसाच्या लाकडाचे खांब, सागवानी दारं, आणि वर नदीकडे तोंड करून एक हवेशीर खोली. घरात माणसं दोनच, तो आणि त्याची बायको. त्यांना मूलबाळ नव्हतं.

एके वर्षी पटकीची साथ आली. नदीपलीकडच्या वस्तीतलं एक अख्खं कुटुंब गेलं, मागे राहिली फक्त शलोमी नावाची लहानगी पोर. पाळकसाहेबांनी तिला रविवारी चर्चमध्ये आणलं. तिने फाटक्या परकराची चूण मुठीत घट्ट धरली होती.

उपासनेनंतर पाळकसाहेब म्हणाले, "मंडळी, या लेकराला घर हवंय. कोण नेतं?"

सुताराच्या बायकोने नवऱ्याचा हात धरला. "अहो, आपण नेऊ या. मी इतकी वर्षं हेच मागत आलेय."

सुताराच्या मनातही माया दाटून आली. तो दोन पावलं पुढे गेलाही. पोरीने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. पण तेवढ्यात त्याला घर आठवलं. जिकडेतिकडे खिळे, भुसा, अर्धवट जिना. पोर आली की बायको तिच्यामागे धावणार, आपलंही लक्ष उडणार, आणि पावसाआधी छप्पर काही व्हायचं नाही.

तो म्हणाला, "साहेब, नाही म्हणत नाही मी. पण घर अजून अर्धवट आहे. माडीवरची खोली होऊ द्या, तिथंच ठेवीन हिला राजकन्येसारखी."

"अरे, लेकरू खोली मागत नाही, माणूस मागतंय," पाळकसाहेब म्हणाले. "घरं इथंच राहतात बाबा. प्रभूपुढे उभी राहायची ती माणसंच."

"खरंय साहेब. पण थोडं थांबा."

तेव्हा मागच्या बाकावरून एक विधवा बुरूडीण उठली. टोपल्या विणून तिच्या हातांना घट्टे पडले होते. ती पुढे आली आणि पोरीसमोर उकिडवी बसली. "माझी झोपडी लहान आहे गं. पण दोघी एका गोधडीत मावू. येशील?"

पोरीने पुन्हा एकदा सुताराकडे पाहिलं, आणि मग मूठ सोडून बुरूडणीचं बोट धरलं.

त्या दिवशी वाटेत सुताराची बायको मागे वळून वळून पोरीकडे पाहत राहिली.

पावसाळ्याआधी छप्पर झालं. पण मग जिन्याला कठडा हवा होता. कठडा झाल्यावर दारांवर वेलबुट्टी कोरायची राहिली. एक काम संपलं की सुताराला दुसरं दिसे. माडीवरची खोलीही तयार झाली, पण तोवर शलोमी बुरूडणीला आई म्हणू लागली होती. सुताराची बायको अधूनमधून नारळाची वडी घेऊन त्या झोपडीकडे जाई, पोरीची वेणी घालून देई आणि परत येऊन माडीवरची रिकामी खोली झाडून काढी.

"मनाला का लावून घेतेस?" सुतार म्हणे. "दुसरं कुणीतरी लेकरू येईल की."

दुसरं कुणी आलं नाही. बायको मात्र थकत गेली. शेवटच्या आजारात तिने त्या सुबक घरावरून नजर फिरवली आणि म्हणाली, "घर छान झालं हो." त्या बोलण्यात टोमणा नव्हता, म्हणूनच ते सुताराच्या काळजात रुतून बसलं.

ती गेल्यावर घर फार मोठं वाटू लागलं. गावोगावचे लोक नक्षी पाहायला येत, वाहवा करत आणि आपापल्या घरी जात. सुतार दोघांची भाकरी थापून बसे आणि दुसरी कावळ्यांना घाली. चर्चमध्ये आता तो गीत सुरू करीत नसे. शब्द ओठांवर येत, पण पुढे सरकत नसत.

एका हिवाळ्यात त्याला तापाने धरलं. तेव्हा शलोमी त्याच्यासाठी पेज घेऊन आली. ती आता मोठी झाली होती. तिने त्याला टेकून बसवलं, घोट घोट पेज पाजली, अंथरूण झटकलं.

ताप उतरल्यावर सुतार म्हणाला, "पोरी, एक विचारू? त्या रविवारी तुला काही कळत होतं का?"

"कळत होतं, काका," शलोमी म्हणाली. " तुम्ही पुढे आलात तेव्हा मला वाटलं, हेच आपले बाबा. मी मनात हाकसुद्धा मारून पाहिली होती."

सुताराने तोंड भिंतीकडे वळवलं. मग तो म्हणाला, "आता ये ना. तुझ्या आईलाही घेऊन ये. ही माडी तुझीच आहे."

"आईला तिची झोपडी सोडवत नाही, काका. आणि मला आईला सोडवत नाही." तिने त्याच्या अंगावरचं पांघरूण नीट केलं. "पण काल नदीपलीकडच्या वस्तीला आग लागली. दोन घरची माणसं लेकरांसकट झाडाखाली बसलीत. त्यांना आणू का?"

सुतार अंथरुणातून उठू लागला. "विचारतेस काय? आत्ताच आण. चल, मीही येतो."

त्या संध्याकाळी घर माणसांनी भरलं. पोरांनी चिखलाचे पाय सगळीकडे उमटवले, कठड्यावरून घसरगुंडी केली, कोरलेल्या दारावर कोळशाने बैल काढला. सुतार कुणाला रागावला नाही. एक पोर खेळता खेळता त्याच्या मांडीवर झोपी गेलं. त्या लेकराचा उबदार भार त्याला नवाच होता. हे सुख बायकोला दाखवावं म्हणून त्याने हसून शेजारी मान वळवली. शेजारी कुणी नव्हतं.

तेव्हा म्हातारा मुलासारखा रडला. "प्रभू," तो म्हणाला, "ही तुझी लेकरं तेव्हाही होती, आणि मी लाकूड तासत बसलो."

सुताराला आणखी एकच उन्हाळा लाभला. तो गेला तेव्हा घरात रडणारी माणसं होती, ही देवाची दया. प्रभूने त्याला क्षमाही केली असेल, कारण तो क्षमा करणाराच आहे. पण शलोमीचं बालपण आणि बायकोच्या मांडीवर खेळायचं राहिलेलं ते लेकरू, ते मात्र त्याला या जगात परत मिळालं नाही.

तात्पर्य एवढंच: स्वर्ग आपलं घर आहे असं नुसतं गाऊन भागत नाही. इथलं घर पुरं होण्याची वाट पाहत बसू नका. प्रभूने दारी धाडलेलं माणूस आजच आत घ्या, कारण सार्वकालिक जीवनात भेटतील ती माणसंच.