मिचकी आत्याचा रुमाल

रुळाशेजारी एक बीळ. बिळात राहायची एक चिचुंद्री. नाव तिचं मिचकी. नाक लांब, डोळे मिचमिचे. आणि चाल कशी? तुरु तुरु तुरु!

एक दिवस कावळा आला सांगावा घेऊन.

"काव काव! मिचके, मिचके! नागपूरला तुझ्या दादाला बाळ झालं! परवा बारसं!"

मिचकी गर्रकन फिरली. एकदा फिरली, पुन्हा फिरली.

"मी आत्या झाले! मी आत्या झाले! चिक चिक चिक!"

आता बारसं म्हटलं की आत्या हवीच. बाळाच्या कानात नाव कोण सांगणार? आत्या. कुर्र्रर्र कोण करणार? आत्याच! आत्या आली नाही, तर बाळाला नावच नाही. मग त्याला हाक कशी मारायची? 'ए अमुक, ए तमुक' अशी?

पण नागपूर किती लांब! मिचकी चालत गेली असती, तर बाळाला दाढी आली असती. म्हणून जायचं आगगाडीनं.

मिचकीकडे पैसे थोडेच होते. त्यात साधं तिकीट आलं. झोपून जायचं तिकीट काही आलं नाही.

"नाही तर नाही," मिचकी म्हणाली. "अंथरूण पाहून पाय पसरावेत."

तिचं अंथरूण एवढंसं. पायही एवढेसेच!

मग मिचकी बसली विचार करायला. गाडीत भूक लागली तर? विकतचं नको बाई, महाग असतं. तिनं चतकोर भाकरी गाठोड्यात बांधली. उशी? शेपटी गुंडाळली, झाली उशी! आणि बसायला जागा?

मिचकी खुदकन हसली. जागेला पैसे कशाला? जागेला हवा रुमाल! गाडी आली, की खिडकीतून रुमाल टाकायचा. टप्प! जागा झाली आपली. रुमालावर कुणी बसत नाही. मोठ्या मिशीवालेसुद्धा नाहीत.

मिचकीचा रुमाल होता लाल लाल. त्याला पिवळे काठ. नागपूरला जायचं तर रुमाल स्वच्छ नको का? तिनं तो धुतला. स्टेशनाच्या कुंपणावर वाळत घातला.

तेवढ्यात वारा आला. फुर्र्रर्र!

रुमाल उडाला. वर वर वर गेला. आणि बाभळीच्या काट्यात अडकून बसला.

"अगं आई गं!" मिचकी म्हणाली. तिच्या मिचमिच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी एवढीशी. गाडीत उभी राहिले, तर कुणाच्या तरी चपलेखाली जाईन!"

मग तिनं डोळे पुसले. गाठोडं पाठीवर घेतलं. नाक वर, शेपटी ताठ, निघाली. तुरु तुरु तुरु!

आली बाभळीपाशी.

"बाभळीताई, बाभळीताई, माझा रुमाल दे ना!
रुमाल नाही, तर जागा नाही.
जागा नाही, तर जाणं नाही.
आत्या नाही, तर नाव नाही!"

बाभूळ म्हणाली, "देईन की, का नाही देणार? पण माझी मुळं बघ, कशी सुकली. अंगात ताकद नाही, फांदी हलत नाही. आधी पाणी आण."

नाक वर, शेपटी ताठ. तुरु तुरु तुरु! मिचकी आली नळापाशी. नळाखालून एक छोटा ओहळ निघायचा, तो थेट बाभळीच्या मुळाशी जायचा. पण आज ओहळ कोरडा.

"नळदादा, नळदादा, पाणी दे ना!
रुमाल गेला बाभळीवर.
बाभूळ म्हणते, आधी पाणी.
रुमाल नाही, तर जागा नाही.
जागा नाही, तर जाणं नाही.
आत्या नाही, तर नाव नाही!"

नळानं नुसतं 'सूं सूं' केलं. म्हणाला, "देईन की, का नाही देणार? पण टाकी कोरडी ठणठणीत आहे. आधी पंप चालू कर."

पंप काय चिचुंद्रीला चालू करता येतो? पंप चालू करायचे हणमंतकाका.

नाक वर, शेपटी ताठ. तुरु तुरु तुरु! मिचकी आली काकांपाशी. काका पंपाशेजारी बसले होते. जांभई देत होते. आऽऽऽ!

"हणमंतकाका, हणमंतकाका, पंप चालू करा ना!
रुमाल गेला बाभळीवर.
बाभूळ म्हणते, आधी पाणी.
नळ म्हणतो, आधी पंप.
रुमाल नाही, तर जागा नाही.
जागा नाही, तर जाणं नाही.
आत्या नाही, तर नाव नाही!"

काका म्हणाले, "करीन की, का नाही करणार? पण सकाळपासून चहाचा घोट नाही बघ पोटात. चहाशिवाय माझा हात काही उचलत नाही. आधी चहा आण."

आता काय म्हणावं या काकांना! मोठ्या माणसांचं चहाचं असंच असतं.

नाक वर, शेपटी ताठ. तुरु तुरु तुरु! मिचकी आली केवळामावशीच्या चहाच्या टपरीपाशी. स्टोव्ह विझलेला. पातेलं पालथं.

"केवळामावशी, केवळामावशी, चहा कर ना!
रुमाल गेला बाभळीवर.
बाभूळ म्हणते, आधी पाणी.
नळ म्हणतो, आधी पंप.
काका म्हणतात, आधी चहा.
रुमाल नाही, तर जागा नाही.
जागा नाही, तर जाणं नाही.
आत्या नाही, तर नाव नाही!"

मावशी म्हणाली, "करीन की माय, का नाही करणार? घागरीत पाणी आहे, डब्यात साखर आहे. पण दूधवाला आज फिरकलाच नाही बघ. आधी दूध आण."

नाक वर, शेपटी ताठ. तुरु तुरु तुरु! मिचकी आली शेळीपाशी. शेळी होती मावशीचीच. टपरीमागे बांधलेली. तोंड फुगवून उभी.

"शेळीबाई, शेळीबाई, दूध दे ना!
रुमाल गेला बाभळीवर.
बाभूळ म्हणते, आधी पाणी.
नळ म्हणतो, आधी पंप.
काका म्हणतात, आधी चहा.
मावशी म्हणते, आधी दूध.
रुमाल नाही, तर जागा नाही.
जागा नाही, तर जाणं नाही.
आत्या नाही, तर नाव नाही!"

शेळी म्हणाली, "बें! देईन की, का नाही देणार? पण भुकेल्या पोटी दूध कुठून येणार? मला आवडतात शेंगा. आधी शेंगा आण."

"कसल्या शेंगा?"

"बें! बाभळीच्या!"

मिचकी पळत सुटली. तुरु तुरु तुरु! पुन्हा बाभळीपाशी.

"बाभळीताई, बाभळीताई, शेंगा दे ना!
रुमाल गेला बाभळीवर.
बाभूळ म्हणते, आधी पाणी.
नळ म्हणतो, आधी पंप.
काका म्हणतात, आधी चहा.
मावशी म्हणते, आधी दूध.
शेळी म्हणते, आधी शेंगा.
रुमाल नाही, तर जागा नाही.
जागा नाही, तर जाणं नाही.
आत्या नाही, तर नाव नाही!"

बाभूळ म्हणाली, "देईन की, का नाही देणार? फांदी हलली, की शेंगा पडतील. पण फांदी हलणार कशी? आधी पाणी आण."

घ्या! झाली का पंचाईत?

पाण्याला हवा पंप. पंपाला हवा चहा. चहाला हवं दूध. दुधाला हव्यात शेंगा. आणि शेंगांना हवं पाणी! गोल गोल गोल! मिचकीचं डोकंही फिरलं गोल गोल गोल. ती मटकन खालीच बसली.

तेवढ्यात स्टेशनावर घंटा झाली. टण टण टण! मागच्या स्टेशनातून गाडी सुटली! नागपूरची गाडी!

मिचकीला रडू फुटलं. रडता रडता तिनं नाक ओढलं. सूं! आणि काय आलं नाकात? खमंग खमंग वास आला. कशाचा? तिच्याच पाठीवरच्या गाठोड्याचा. ज्वारीच्या भाकरीचा!

शेळ्यांना भाकरी आवडते. खूप आवडते.

मिचकीनं गाठोड्याकडे बघितलं. भाकरी दिली, तर नागपूरपर्यंत उपास. रात्रभर पोटात कावळे ओरडतील. मिचकीला भूक सोसवत नसे. मुळीच सोसवत नसे.

मग तिला डोळ्यांपुढे बाळ दिसलं. एवढंसं, गुलाबी, बिननावाचं.

"पोट रिकामं राहिलं तर राहू दे," मिचकी म्हणाली. "माझं बाळ बिननावाचं नको राहायला!"

तुरु तुरु तुरु! तुरु तुरु तुरु! एवढी जोरात ती कधीच पळाली नव्हती. तिनं गाठोडं सोडलं. चतकोर भाकरी शेळीपुढे ठेवली.

आणि मग काय झालं?

शेळीनं भाकरी खाल्ली. कचर कचर!
शेळीनं दूध दिलं. चुर्र चुर्र!
मावशीनं चहा उकळला. खळ खळ!
काकांनी चहा ढोसला. फुर्र फुर्र!
काकांचा हात उचलला. खटॅक!
पंप चालू झाला. धक धक धक!
नळाला पाणी आलं. भळ भळ भळ!
ओहळातून पाणी धावलं. झुळ झुळ झुळ!
बाभूळ पाणी प्यायली. गट गट गट!
बाभळीनं फांदी हलवली. सळ सळ सळ!

शेंगा पडल्या, टप टप टप. त्याही शेळीनंच खाल्ल्या. चंगळ झाली तिची!

आणि रुमाल? रुमाल सुटला. डुलत डुलत आला, आणि मिचकीच्या डोक्यावर अलगद बसला. लाल लाल रुमालाखाली मिचकी दिसेनाशीच झाली. आतून नुसता आवाज आला, "चिक चिक चिक! मिळाला, मिळाला!"

कूऽऽऽ! धडधड धडधड धडधड! आली गाडी!

ही गर्दी! ही धावपळ! "चला, चला! व्हा पुढं!" माणसंच माणसं, चपलाच चपला. मिचकी खाली, खिडकी वर. आता?

केवळामावशी धावत आली. तिनं मिचकीला तळहातावर घेतलं आणि खिडकीपाशी धरलं.

"टाक गं माय, टाक रुमाल!"

मिचकीनं रुमाल टाकला. टप्प!

खिडकीजवळची जागा झाली मिचकीची. मावशीनं तिच्या हातात एक चिमुकली पुडी दिली. "घे. शेळीला दिलीस ना तुझी भाकरी? मग तू काय खाशील? ही भाकरी माझ्या डब्यातली. आत चटणीपण आहे हं."

मिचकी रुमालावर जाऊन बसली. तेवढ्यात आले एक आजोबा. मोठ्ठं पोट, मोठ्ठ्या मिशा. आजोबांनी बाक बघितलं. बाकावर रुमाल बघितला. आणि ते उभेच राहिले. रुमालावर बसायचं नसतं ना!

मिचकीनं रुमालाची घडी घातली. एक घडी, अजून एक घडी. रुमाल झाला इवलासा.

"आजोबा, बसा ना. मला कोपरा पुरे."

आजोबा बसले. "हुश्श! पाय दुखले होते गं बाई माझे."

कूऽऽऽ! गाडी सुटली. बाभळीनं फांदी हलवली. काकांनी कप हलवला. शेळी म्हणाली, "बें!"

मिचकीनं भाकरी खाल्ली. शेपटी गुंडाळून उशी केली. बाहेर रात्र झाली. गाडी म्हणत होती, धडधड धडधड, आणि मिचकी आपली झोपेत म्हणत होती, कुर्र्रर्र, कुर्र्रर्र. तालीम नको का करायला!

सकाळी आलं नागपूर. दादा न्यायला आला होता. वहिनी दारातच उभी होती. "या वन्सं, या! किती वाट बघायची तुमची!"

करवंटीचा पाळणा. पाळण्यात बाळ. बाळ खरंच एवढंसं आणि गुलाबी. नाक मात्र लांब, अगदी आत्यावर गेलेलं!

मिचकी पाळण्यावर वाकली. तिनं बाळाच्या कानाशी तोंड नेलं. म्हणाली, "कुर्र्रर्र!" आणि हळूच नाव सांगितलं. लगेच सगळ्यांनी आत्याच्या पाठीत धपके घातले. धप धप धप! हळूच हं. बारशाला घालतात तसे. मिचकी हसली, दादा हसला, आणि बाळही हसलं.

बाळाचं नाव काय ठेवलं? ते तर कानात सांगितलं. मला कसं ऐकू येणार?

पण तू पाळण्यात होतास ना, होतीस ना, तेव्हा तुझ्याही कानात असंच कुणीतरी केलं होतं. कुर्र्रर्र! आणि हळूच एक नाव सांगितलं होतं.

कुठलं बरं? सांग बघू!