पवळाचे तेरा काटे

फार पूर्वी, समुद्राखालच्या एका खडकात दगडमाशांचं घर होतं. या माशांच्या पाठीवर तेरा विषारी काटे असतात. पण घरची रीत अशी, की सुनेने वडीलधाऱ्यांसमोर काटे मिटून बसायचं. नवी सून पवळा तशीच बसायची आणि सगळं बघायची.

शेजारची म्हातारी वाम, सापासारखी लांब मासळी, रोज पवळाच्या जावेच्या पिल्लांची विचारपूस करायला कपारीत शिरायची. ती गेली की एक पिल्लू कमी असायचं. वाम मानाने मोठी, म्हणून सासू गप्प.

तिसरं पिल्लू गेलं, तेव्हा पवळा कपारीच्या तोंडाशी जाऊन बसली.

"सूनबाई, सरक," वाम म्हणाली. "माहेरी वळण नाही वाटतं लावलं?"

"लावलंय ना, आजी. म्हणून तर तुम्हाला अडवत नाही. माझ्या पाठीवरून जा," पवळा म्हणाली आणि तिने तेराही काटे उभे केले.

म्हातारीने काट्यांची टोकं पाहिली. तिला एकदम घरचं काम आठवलं.

आता सासू आपल्याला बोलणार, असं पवळाला वाटलं. सासू आली, शेजारी टेकली आणि तिनेही आपले काटे उभे केले. इतकी वर्षं मिटलेले असूनही ते सुनेच्या काट्यांइतकेच ताठ निघाले.